दुर्मिळ स्पोर्ट्स मोटारींचा टिकाव

दुर्मिळ स्पोर्ट्स मोटारींचा टिकाव : ठरावीक काळात तयार झालेल्या अथवा एखाद्या प्रदेशात आलेल्या स्पोर्ट्स मोटारींपैकी पुढील काळात किती शिल्लक राहतात आणि त्यांतील किती प्रत्यक्ष रस्त्यावर धावू शकतात, यासंबंधीचा अभ्यास. प्रवासी व सामान वाहून नेण्याच्या सोयीपेक्षा वेग, त्वरण व वळणावरील स्थैर्य यांना प्राधान्य देऊन बांधलेल्या, बहुधा दोन आसनांच्या मोटारगाडीस स्पोर्ट्स मोटार म्हणतात. अशा मोटारींपैकी ज्यांचे उत्पादन डझनांत किंवा शेकड्यांत झाले, ज्यांची किंमत सामान्य मोटारीच्या अनेक पट होती व ज्यांचे सुटे भाग इतर मोटारींना सहसा चालत नाहीत, त्या मोटारी प्रस्तुत नोंदीत दुर्मिळ मानल्या आहेत. महाराष्ट्रात व मराठी संस्थानिकांच्या राज्यांत अशा मोटारी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून येत गेल्या. त्यांचा इतिहास हा केवळ श्रीमंतांच्या हौसेचा इतिहास नाही. आयातधोरण, करपद्धती, राज्यांची पुनर्रचना आणि कारागिरांचे कौशल्य या सर्वांचे ठसे त्यांवर उमटलेले आहेत.

टिकावाचे अर्थ : ‘मोटार टिकली’ या विधानाचे निदान चार वेगवेगळे अर्थ संभवतात. मोटारीचा सांगाडा (चासी) व एंजिन कोठेतरी अस्तित्वात असणे, हा पहिला अर्थ. ती मूळ स्वरूपात व पूर्णावस्थेत असणे, हा दुसरा. तिची नोंदणी कायद्याने चालू असणे, हा तिसरा आणि ती प्रत्यक्ष रस्त्यावर धावत असणे, हा चौथा. या चारही संख्या एकच नसतात. शेतातील गोठ्यात झाकून ठेवलेली, चाके नसलेली मोटार पहिल्या अर्थाने टिकलेली असते, पण चौथ्या अर्थाने नाही. उलट, वीस वर्षांपूर्वी भंगारात गेलेली मोटार नोंदवहीत तशीच असेल, तर तिसऱ्या अर्थाने ती ‘जिवंत’ दिसते. म्हणून नोंदणीच्या आकड्यांवरून रस्त्यावरील मोटारींची संख्या काढल्यास ती हमखास फुगलेली येते.

टिकाववक्र : काळ आडव्या अक्षावर आणि शिल्लक मोटारींचे प्रमाण उभ्या अक्षावर मांडल्यास जी रेषा मिळते, तिला टिकाववक्र म्हणतात. सामान्य मोटारींच्या बाबतीत हा वक्र प्रथम जवळजवळ सपाट असतो. पुढे दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या किंमतीशी बरोबरी करू लागला की तो वेगाने खाली येतो आणि अखेरीस थोड्या जतन केलेल्या मोटारींपाशी पुन्हा सपाट होतो. वार्षिक नाशाच्या दरातील लहान फरकानेही दीर्घ काळात मोठे अंतर पडते. शंभर मोटारींपैकी दरवर्षी उरलेल्यांतील २ टक्के नष्ट होत असतील, तर तीस वर्षांनी सु. ५५ उरतात, हा दर ५ टक्के असल्यास सु. २१ आणि १० टक्के असल्यास केवळ ४ उरतात. निम्म्या मोटारी नाहीशा होण्यास पहिल्या दराने सु. ३४ वर्षे लागतात, तर तिसऱ्या दराने सातही लागत नाहीत.

दुर्मिळ स्पोर्ट्स मोटारींचा वक्र याहून वेगळा असतो. पहिल्या काही वर्षांत अतिवेगामुळे व शर्यतींमुळे अपघातांत त्या नष्ट होतात. त्यानंतर वीस ते तीस वर्षांच्या वयात त्यांचा सर्वांत धोक्याचा काळ येतो. या वयात मोटार जुनाट ठरलेली असते, पण ‘ऐतिहासिक’ ठरलेली नसते; तिची बाजारातील किंमत घसरलेली असते आणि एखादा गिअरपेटीचा भाग मागविण्याचा खर्च मात्र नव्या मोटारीइतकाच राहतो. हा काळ ओलांडला की संग्राहकांचे लक्ष तिच्याकडे वळते, किंमत वाढते व नाश जवळजवळ थांबतो. काही वेळा वक्र उलट वर चढतो, कारण पूर्वी नष्ट समजलेल्या मोटारींची अवशेषांवरून पुनर्बांधणी होते. मोटारीचा टिकाव धातूच्या बळकटीपेक्षा ती जपण्याचे कारण कोणाकडे तरी सातत्याने असण्यावर अवलंबून असतो, हे यावरून दिसून येते.

इतर देशांतील उदाहरणे : उत्पादन फार थोडे असेल, तर प्रत्येक मोटारीचा स्वतंत्र इतिहास ठेवता येतो. बुगाटी कंपनीच्या ‘टाइप ५७ एससी अटलांटिक’ या प्रकारच्या अवघ्या चार मोटारी १९३६–३८ या काळात बांधल्या गेल्या. त्यांपैकी झां बुगाटी यांच्या वापरातील मोटार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाहीशी झाली व ती पुन्हा आढळली नाही. दुसरी एक मोटार १९५५ मध्ये फ्रान्समध्ये रेल्वे फाटकावर गाडीखाली सापडून चुराडा झाली. पुढे तिचे अवशेष वापरून ती पुन्हा उभी करण्यात आली. त्यामुळे ‘चारांपैकी तीन शिल्लक’ हे विधान खरे असले, तरी त्यातील एकीचा किती अंश मूळचा आहे, हा प्रश्न उरतोच. फेरारी कंपनीच्या ‘२५० जीटीओ’ या १९६२–६४ मधील ३६ मोटारी सर्वच्या सर्व अस्तित्वात असल्याचे मानले जाते. यांतील कित्येक मोटारी शर्यतींत मोडल्या होत्या, परंतु त्यांची किंमत पुढे इतकी वाढली की कोणतीही मोडतोड दुरुस्तीपलीकडची ठरली नाही. याउलट, फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ मोटारी १९०८–२७ या काळात दीड कोटींच्या आसपास तयार झाल्या. त्यांचा फारच अल्प भाग आज उरला आहे. विपुलता ही टिकावाची हमी नव्हे, हे या तुलनेतून लक्षात येते.

संस्थानी मोटारी : भारतात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आलेल्या अत्यंत महागड्या मोटारींचे प्रमुख ग्राहक संस्थानिक होते. मराठी राजघराण्यांत या दृष्टीने इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे, १९०८–६१) यांचे नाव अग्रभागी येते. त्यांनी अमेरिकेतील ड्युझेनबर्ग कंपनीची ‘एसजे’ ही अतिभारित (सुपरचार्जर बसविलेली) एंजिनाची मोटार १९३० च्या दशकाच्या मध्यास घेतली. तिच्या लांब चासीवरील दोन आसनी आवरण लंडनच्या जे. गर्नी नटिंग या प्रसिद्ध कारागिरांनी बांधले व ते नारिंगी आणि काळ्या रंगांत रंगविले होते. संस्थाने विलीन झाल्यानंतर अशा अनेक मोटारी परदेशी गेल्या. होळकरांची ही मोटारही अमेरिकेत पोहोचली आणि तेथील संग्राहकांनी ती जतन केली. मोटार टिकली, परंतु जेथे ती वापरली गेली त्या प्रदेशापुरती तिची गणना शून्य झाली. प्रादेशिक टिकावाचा हिशेब करताना नाश व स्थलांतर यांच्या स्वतंत्र नोंदी ठेवाव्या लागतात, त्या याच कारणाने.

कोल्हापूरच्या छत्रपती घराण्यातील मेबॅक मोटार हे वेगळ्या प्रकारचे उदाहरण आहे. ही जर्मन मोटार राजाराम महाराजांच्या काळातील असून स्पोर्ट्स मोटार नाही. परंतु दुर्मिळतेत ती कोणत्याही स्पोर्ट्स मोटारीहून कमी नाही. दसऱ्याच्या सीमोल्लंघनासाठी राजघराण्यातील मंडळी या मोटारीतून दसरा चौकात येतात. वर्षातून एकदा तरी मोटार चालवायचीच, असा रिवाज असल्यामुळे तिचे एंजिन, टायर व ब्रेक यांची देखभाल अखंड राहिली आणि ती चौथ्या, म्हणजे प्रत्यक्ष धावण्याच्या अर्थानेही टिकली. ज्या मोटारींना असा वापर उरला नाही, त्या अनेक ठिकाणी वाड्यांच्या तबेल्यांत गंजत पडल्या.

संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने रद्द झाले. त्यापूर्वीच मृत्युकर (१९५३) व संपत्तिकर (१९५७) यांच्या भाराने अनेक संग्रह फुटू लागले होते. अनेक मोटारी या काळात नाममात्र किंमतीस हस्तांतरित झाल्या. त्यांची देशाबाहेर होणारी विक्री थोपविण्यासाठी १९७० च्या दशकाच्या आरंभी जुन्या मोटारींच्या निर्यातीवर बंधने घालण्यात आली. त्यानंतर उरलेल्या मोटारी देशातच राहिल्या आणि अहमदाबाद, मुंबई इ. ठिकाणी खासगी संग्रह वाढले. मुंबईतील वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन (स्थापना १९१९) यांसारख्या संस्थांमुळे मोटारधारकांना संघटित स्वरूप आले होते; जुन्या मोटारींच्या फेऱ्यांमुळे (रॅली) त्या वापरात ठेवण्यास नवे निमित्त मिळाले.

आयातनिर्बंधांचा काळ : जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली होती. स्वातंत्र्योत्तर काळात देशी उत्पादनास संरक्षण देण्याच्या धोरणामुळे जुळणीचा व्यवसाय करणाऱ्या परदेशी कंपन्या १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात निघून गेल्या. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचा कुर्ला येथील कारखाना व इतर मोजके देशी कारखाने एवढेच उत्पादक उरले. नव्या स्पोर्ट्स मोटारी यानंतर चार दशके क्वचितच आल्या. वकिलातींच्या वापरलेल्या मोटारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, हा त्यांचा एक मार्ग होता.

या काळात सुटे भाग मिळणे जवळजवळ बंद झाले. त्याचे दोन परिणाम झाले. एकीकडे मुंबई, पुणे, नागपूर येथील गॅरेजांतील मिस्त्री लेथवर भाग घडविण्यात वाकबगार झाले. बेअरिंग, बुश, गॅस्केट यांसारखे भाग ते नमुन्यावरून तयार करीत. दुसरीकडे एका मोटारीचे भाग काढून दुसरी चालती ठेवण्याची पद्धत रूढ झाली. दोन मोटारींची एक होताना संख्या निम्म्यावर येते, परंतु नोंदवहीत मात्र दोन्ही राहतात. १९७३ नंतर पेट्रोल महागल्यावर मोठ्या परदेशी मोटारींना डिझेल एंजिने बसविण्यात आली. अशी मोटार रस्त्यावर टिकली, परंतु दुसऱ्या अर्थाने, म्हणजे मूळ स्वरूपात, ती टिकली नाही. या तडजोडींना कमी लेखण्याचे कारण नाही. त्या झाल्या नसत्या, तर पुढे जीर्णोद्धारासाठी चासीसुद्धा शिल्लक राहिल्या नसत्या.

वऱ्हाडातील नोंदींचा प्रश्न : महानगरांबाहेर गेलेल्या मोटारींचा माग काढणे अधिक अवघड ठरते. या दृष्टीने अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वे या तालुक्याच्या गावाची स्थिती बोलकी आहे. मुंबई–नागपूर लोहमार्गावर बडनेरा व वर्धा यांच्या दरम्यान असलेल्या या गावाच्या नावातील ‘रेल्वे’ हा शब्द त्याच जिल्ह्यातील चांदूर बाजारपासून त्याचे वेगळेपण दाखवितो. बडनेऱ्यापुढील लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचल्यापासून कापसाच्या व्यापाराने हा पट्टा मुंबईशी जोडला गेला. येथील वाहनांची नोंदणी अमरावती येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयात होते व सध्याच्या पद्धतीत तिचे चिन्ह ‘एमएच २७’ असे आहे.

हा प्रदेश १९५० पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाडात, १९५० ते ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात होता. म्हणजे एका दशकाच्या अवधीत त्याने चार राज्यव्यवस्था पाहिल्या. समजा, १९४९ मध्ये या तालुक्यातील एखाद्या जिनिंग कारखानदाराने एम. जी. कंपनीची दोन आसनी मोटार घेतली. तिची पहिली नोंद मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या अमदानीतील असेल. मालक बदलल्यावरची नोंद मुंबई राज्याच्या अमदानीतील आणि मोटार पुढे पुण्यास गेल्यास तिसरी नोंद तेथील कार्यालयातील असेल. तीन क्रमांकांची मोटार एकच आहे, हे फक्त चासी व एंजिन यांवर कोरलेल्या क्रमांकांवरून सिद्ध होते. ते न तपासता नोंदी मोजणारा अभ्यासक एका मोटारीच्या तीन मोटारी करील. याउलट, जुनी वही वाळवीने खाल्ली असल्यास ती मोटार या प्रदेशात कधी आलीच नव्हती, असे तो म्हणेल.

याच प्रदेशातील रेल्वे एंजिनाचे उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंद मापी ‘शकुंतला’ रेल्वेवर मँचेस्टर येथे १९२१ मध्ये बनविलेले वाफेचे एंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षे धावत होते. अतिवेगवान मोटारीपेक्षा संथ एंजिन साहजिकच कमी झिजते. तथापि त्याच्या टिकावाचे मुख्य कारण त्याच्यासाठी असलेली व्यवस्था हे होय. मूर्तिजापूरला त्याची शेड होती, ठरलेल्या मुदतीने तपासणी होई आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद एकाच संस्थेकडे राही. खासगी मोटारीस अशी व्यवस्था मालकाच्या हयातीपुरतीच लाभते. मालकाच्या मृत्यूनंतर वारसांतील वाटणी, हरवलेली कागदपत्रे व वृद्ध झालेला मिस्त्री या तीन कारणांनी चांगल्या स्थितीतील मोटारही थोड्या वर्षांत निकामी होते.

उदारीकरणानंतरचा काळ : १९९१ नंतर मोटार उद्योगावरील बंधने सैल झाली व २००१ पासून पूर्णपणे तयार मोटारींच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले, आयातशुल्क मात्र जबर राहिले. सचिन तेंडुलकर यांना २००२ मध्ये भेट मिळालेली ‘फेरारी ३६० मोडेना’ ही या काळातील सर्वांत परिचित मोटार होय. तिच्यावरील शुल्कसवलतीवरून सार्वजनिक वाद झाला आणि २०११ मध्ये ती गुजरातेत विकली गेली. मालकाच्या प्रसिद्धीमुळे तिचा माग राहिला. त्याच काळात आलेल्या इतर मोटारींच्या वाट्यास हे भाग्य आले नाही.

देशी प्रयत्नांपैकी गोव्यातील सॅन मोटर्स कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘स्टॉर्म’ ही काचतंतूंच्या आवरणाची दोन आसनी मोटार बाजारात आणली. तिचे एंजिन रेनो कंपनीचे होते. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीची ‘अवंती’ ही मध्यभागी एंजिन असलेली मोटार २०१२ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात मांडली गेली व पुढे अल्प संख्येने विकली गेली. या दोन्ही मोटारींचे उत्पादन थांबले आहे. काचतंतूंचे आवरण गंजत नाही, ही त्यांची जमेची बाजू. परंतु दिवे, काचा, आवरणाचे साचे यांसारखे खास भाग पुन्हा मिळणे कठीण, ही उणी बाजू. कोकण किनाऱ्यावरील खारट दमट हवा पोलादी चासीस घातक असते. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात सांताक्रूझ येथे ९४४ मिमी. पाऊस पडला, तेव्हा तळघरांत व रस्त्यांवर उभ्या असलेल्या असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. विद्युत्‌यंत्रणेवर अवलंबून असलेल्या आधुनिक मोटारीस असे बुडणे बहुधा प्राणघातक ठरते.

कायदेशीर चौकट : मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते व त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी नूतनित करावी लागते. मोटार नष्ट झाल्यास किंवा कायमची निकामी झाल्यास मालकाने चौदा दिवसांत वा शक्य तितक्या लवकर तसे कळवावे, अशीही तरतूद आहे. परंतु ती क्वचितच पाळली जाते. खासगी मोटारींवरील कर एकरकमी भरला जात असल्याने कार्यालयाशी दरवर्षीचा संबंधही उरत नाही. त्यामुळे नोंदणीच्या पंधराव्या वर्षी नूतनीकरण झालेले नसणे, हाच बहुतेक वेळा मोटारीच्या मृत्यूचा एकमेव अप्रत्यक्ष पुरावा असतो.

कायदा चालती मोटारही रस्त्यावरून दूर करू शकतो. मुंबईतील टॅक्सींस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या अखेरच्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सीची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. दुर्मिळ मोटारींना या दृष्टीने काहीसे संरक्षण मिळाले आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हीए’ या चिन्हाखाली स्वतंत्र नोंदणी होते. तिचे प्रथम शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे वैध असते. अशा मोटारी प्रदर्शन, संशोधन, फेरी, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येतात; नित्य वा व्यापारी वापर वर्ज्य आहे. या नियमांमुळे जुन्या मोटारींची वेगळी गणना प्रथमच शक्य झाली. तथापि पंधरा ते पन्नास वर्षे या वयातील मोटारी या संरक्षणाबाहेर राहतात आणि टिकाववक्रावरील सर्वांत धोक्याचा टप्पा नेमका याच वयात येतो. स्टॉर्मसारख्या देशी मोटारी सध्या त्याच टप्प्यात आहेत.

गणनेची पद्धत व महत्त्व : विश्वसनीय गणनेसाठी तीन साधनांची सांगड घालावी लागते : उत्पादकाची चासी क्रमांकांची यादी, परिवहन कार्यालयांच्या नोंदी आणि प्रत्यक्ष पाहणी. यांपैकी पहिले साधन परदेशातील क्लबांनी बऱ्याच अंशी प्रसिद्ध केले आहे. दुसरे संगणकीकरणामुळे सुलभ झाले असले, तरी त्यापूर्वीच्या हस्तलिखित वह्यांचा मोठा भाग त्यात आलेला नाही. तिसरे साधन सर्वांत कष्टाचे आहे. कारण चांदूर रेल्वेसारख्या गावातील बंद गोदामापर्यंत जाऊन गंजलेल्या पट्टीवरील क्रमांक वाचण्याचे काम तेथे गेल्याविनाच होऊ शकत नाही. जुन्या गॅरेजांतील जमाखर्चाच्या वह्या, विम्याचे कागद, लग्नसमारंभांची छायाचित्रे व मिस्त्रींच्या आठवणी यांचाही पुरावा म्हणून उपयोग होतो. ही साधने मोटारींपेक्षाही अल्पायुषी आहेत. चासीचे लोखंड शंभर वर्षे उरू शकते; ती कोणी, कशासाठी व कोणत्या रस्त्यावर चालविली, हे सांगणारा कागद मात्र एका पावसाळ्यात जातो आणि त्याबरोबर त्या मोटारीचा इतिहासही संपतो.